रोझेलची मावशी

शीळफाट्याला कुणी येत नाही, सगळे शीळफाट्यावरून जातात. पनवेलहून मुंब्र्याकडे निघालेले कंटेनर, महापेहून डोंबिवलीला परतणारे नोकरदार, कल्याणहून नवी मुंबईच्या कॉलेजात जाणारी पोरं, या सगळ्यांची इथं गाठ पडते आणि एकमेकांच्या नावानं हॉर्न वाजवून सगळे आपापल्या वाटेला लागतात. लागतात म्हणजे लागायची खटपट करतात. मी इथं राहते म्हटलं की लोक आधी हळहळतात. मला मात्र हा फाटा कधी परका वाटला नाही. माझी नोकरी टपाल खात्यात, त्यातली बरीच वर्षं सॉर्टिंगला गेली. गॅलरीतून खाली बघितलं की हे आपलंच टेबल वाटतं: पनवेलची थप्पी इकडे, मुंब्र्याची तिकडे, कल्याणची मधल्या खणात, आणि एखादं भलंमोठं पार्सल वाटेतच आडवं पडलेलं. आता बुलेट ट्रेनचा वांद्रे-कुर्ला संकुलापासूनचा २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातले ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून, इथंच शीळफाट्याला उजेडात येणार आहे. म्हणजे पुढेही लोक इथून जाणारच, फक्त अधिक घाईनं.

माझ्या अमेरिकावारीचं निमित्त झालं ते शाळेच्या गृहपाठाचं. बहिणीचा मुलगा न्यू जर्सीत एडिसनला राहतो. त्याच्या मुलीला वर्गात प्रकल्प मिळाला होता: एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत आलेला आपल्या घराण्यातला पूर्वज शोधा, त्याचं आयुष्य आणि गोतावळा लिहून काढा. वर्गात कुणाचे खापरपणजोबा आयर्लंडहून बटाट्याच्या दुष्काळात आलेले, कुणाचे इटलीहून. आमच्या घरातून अमेरिकेला गेलेलं पहिलं माणूस म्हणजे तिचा बाप, तोही संगणकाच्या कंपनीनं बोलावला म्हणून. शाळेनं एक सवलत ठेवली होती: ज्यांना पूर्वज नसेल त्यांनी कुणाचा तरी दत्तक घ्यावा. पोरीनं मला विचारलं, "मावशीआजी, आपलं कुणीच नव्हतं का गं तेव्हा?"

म्हटलं, "आपलं नव्हतं. पण कल्याणचं होतं."

माझं माहेर कल्याणचं. डॉक्टर आनंदीबाई जोशी आमच्या लहानपणी घरातल्या बायकांच्या तोंडी 'आपली आनंदी' असायची. मुलगी अभ्यासाला कंटाळली की तिचं उदाहरण देत, आणि मुलगी फारच अभ्यास करायला लागली तरीही तिचंच देत: बघ, बावीस पुरी व्हायच्या आत गेली. नातीनं पुढचा प्रश्न टाकला, "पण ती आपली कोण लागते?" याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. तिकडे जायचं ठरलंच होतं, पण त्याआधी कल्याणला एक फेरी मारायला हवी होती.

कल्याण-शीळ रस्त्यानं जाताना खिडकीतली जागा पकडावी. शीळ गाव मागे पडलं की खिडकाळीचं महादेवाचं देऊळ आणि त्याचं तळं येतं. पुढे देसई, मग काटई, निळज्याचे आभाळाला भिडलेले टॉवर. एका बाजूला भाताची उरलीसुरली खाचरं, दुसऱ्या बाजूला त्याच खाचरांच्या पैशातून उठलेले आगरी लोकांचे तिमजली बंगले, गच्चीवर सिमेंटचा गरुड नाही तर फुटबॉल. उन्हाळ्यात या रस्त्याच्या कडेला बायका ताडगोळे घेऊन बसतात. गाडी अडली की त्या उठून येत नाहीत, जागेवरूनच हाक मारतात, "घे ना गो बाय, कवले हाईत." घ्यायचे नसले तरी त्यांना राग नाही. गाडी पुढं जाणार नाही, गिऱ्हाईक जागेवरच आहे, याची त्यांना खात्री असते. मी डझनभर घेतले. एकेक सोलून तोंडात टाकेपर्यंत बस मानपाड्याच्या अलीकडेच होती.

पत्री पूल ओलांडला की कल्याण सुरू होतं, असं आम्ही मानायचो. जुना पूल २०१८ साली पाडला, नवा २०२१ साली झाला, नाव मात्र पत्र्याचंच राहिलं. पारनाक्याच्या गल्ल्यांत आता जुने वाडे थोडे आणि त्यांच्या जागी उठलेल्या इमारतींना दिलेली वाड्यांची नावं जास्त. गणपतराव अमृतेश्वर जोशी इथले. त्यांची मुलगी यमुना ३१ मार्च १८६५ ला आजोळी पुण्यात जन्मली आणि इथं वाढली.

पारनाक्यावर पत्ता विचारला तर पत्ता मिळत नाही, आधी आपली चौकशी होते. एका किराणा दुकानात विचारलं, "आनंदीबाई जोश्यांचं घर कुठल्या बाजूला होतं?" दुकानदार म्हणाला, "तुम्ही कुठल्या?" शीळफाट्याचं नाव काढताच त्यानं मान हलवली. माहेरचं आडनाव सांगितलं तेव्हा आतून त्याचे वडील बाहेर आले, स्टूल पुढं सरकवलं, पाण्याचा तांब्या आला आणि माझे वडील, काका, काकांचं वाडा विकताना झालेलं भांडण असं सगळं माझ्याच कानावर पुन्हा घालण्यात आलं. आनंदीबाईंबद्दल म्हणाले, "ते जोशी ना, ते त्या अंगाला." मुलगा म्हणाला, "नाही बाबा, या अंगाला." गिऱ्हाईक म्हणून आलेल्या बाईंनी तिसरीच दिशा दाखवली. तिघांनाही आपल्या म्हणण्याबद्दल शंका नव्हती. मी तिन्ही अंगांना फिरून आले, आणि येताना खिडकी वडा खाल्ला, कारण कल्याणला जाऊन तो न खाता परत येणं माहेरच्या माणसाला शोभत नाही.

आमच्या घरी एक वंशावळ आहे, आजोबांनी त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीवरून उतरवून घेतलेली. त्यात मुळापासून शेंड्यापर्यंत पुरुष. बायका असल्याच तर नवऱ्याच्या नावाखाली, आणि तीही सासरी मिळालेली नावं. मुलींच्या फांद्या लग्नाच्या दिवशी छाटलेल्या. पदरी मूल नसलेल्या माणसापुढं एक छोटी आडवी रेघ. यमुनेचं असल्या कागदावर काय झालं असतं ते उघड आहे. नवव्या वर्षी, १८७४ मध्ये तिचं लग्न झालं आणि ती आनंदी झाली. नवरा गोपाळराव जोशी, मूळचे संगमनेरकडचे, बिजवर, तिच्याहून वीसेक वर्षांनी मोठे, कल्याणच्या पोस्टात कारकून. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, तो दहा दिवस जगला. वंशावळीच्या हिशेबात तिथं आडवी रेघ.

गोपाळराव आमच्या खात्यातले. त्यांच्याबद्दल बोलताना माझी थोडी पंचाईत होते. बायकोनं शिकलंच पाहिजे म्हणून हात उगारणारा नवरा, हे तिच्या चरित्रांतून सरळ दिसतं. पण टपालातल्या माणसाला टपालाची ताकद कळते, ती त्यांना इतरांपेक्षा आधी कळली होती. कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशा बदल्या होत राहिल्या, आणि हे गृहस्थ पत्रं टाकत राहिले. १८७८ मध्ये त्यांनी रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहिलं. वाइल्डर कोल्हापुरात मिशनरी होते, तेव्हा प्रिन्स्टनला परतून मासिक काढत होते. गोपाळरावांना अमेरिकेत नोकरी हवी होती आणि बायकोचं शिक्षण. वाइल्डरनी सुचवलं, ख्रिस्ती व्हा. नंतर हा पत्रव्यवहार त्यांनी आपल्या मासिकात छापून टाकला. ज्याला पत्र पाठवलं त्याच्याकडून काही झालं नाही. ते पोचलं भलत्याच पत्त्यावर. १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावची एक बाई दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट बघत बसली होती, तिच्या हाती तो अंक आला. तिनं घरी जाऊन अनोळखी आनंदीला पत्र लिहिलं. मी हयातभर चुकीच्या पत्त्याची पाकिटं लाल शेरा मारून परत पाठवली. या पत्रावर तसा शेरा मारायला कुणी नव्हतं हे बरंच झालं.

कल्याण सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, म्हणजे आनंदीहून वर्षानं मोठं. तिथं काशीबाई कानिटकरांनी १८८९ मध्ये लिहिलेलं तिचं चरित्र, श्री. ज. जोश्यांची 'आनंदी गोपाळ' कादंबरी आणि अंजली कीर्तने यांचा जाडजूड ग्रंथ अशी तिघांची संगत करून मी नातीसाठी टिपणं काढली. टिपणं काढताना लक्षात आलं की पूर्वज शोधायचा तो आनंदी नव्हेच. ती आपल्याला माहीत आहे. शोधायची ती दाताच्या दवाखान्यातली बाई. थिओडिशिया कार्पेंटर. आनंदी तिला मावशी म्हणायची.

एडिसनमध्ये भाच्याच्या घरापासून ओक ट्री रोड जवळ आहे. तिथं वडापाव, साड्या, सोनं, पूजेचं साहित्य असं सगळं मिळतं आणि रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही. डोंबिवलीच्या फडके रोडवर दिवाळी पहाटेला जेवढी गर्दी, तेवढी तिथं दर शनिवारी. फरक एवढाच की कुणी कुणाला 'तुम्ही कुठल्या' विचारत नाही. शेजारी दिसले की हात हलवतात, हसतात, दिवस चांगला जावो म्हणतात आणि दार लावून घेतात. माझ्या भाचेसुनेला हे बरं वाटतं. मला पहिल्या आठवड्यात ते एखाद्या न उघडलेल्या पाकिटासारखं वाटलं, नंतर सवय झाली. शीळफाट्याच्या आमच्या टॉवरमध्येही आता तसंच आहे की. तिथं तर हात हलवणंही नाही.

या एडिसनचं नाव थॉमस एडिसनवरून. त्याची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा याच भागात होती. आणि रोझेलला जाताना भाच्यानं गाडीत एक गोष्ट सांगितली ती मला कुठल्याच चरित्रात ठळकपणे भेटली नव्हती. १९ जानेवारी १८८३ ला एडिसननं आपली डोक्यावरून तारा नेणारी विजेची व्यवस्था पहिल्यांदा सुरू केली ती रोझेलमध्ये. रस्त्यावर दिवे, दुकानांत दिवे, पुढं चर्चमध्येही दिवे. आनंदी कलकत्त्याहून ७ एप्रिलला 'सिटी ऑफ कलकत्ता' बोटीनं निघाली, ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली आणि कार्पेंटरबाई तिला घेऊन आल्या त्या याच गावात. अठरा वर्षांची मुलगी, पारनाक्याच्या समईतून निघालेली, आणि येऊन पोचली ती जगातल्या पहिल्या काही विजेच्या खांबांखाली. तिला त्याचं काय वाटलं असेल, याची मला फार उत्सुकता होती. नातीला नव्हती. तिच्या मते विजेचा दिवा ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही.

रोझेल आता साधं, थोडं थकलेलं उपनगर आहे. लाकडी घरं, पुढं पायऱ्या आणि पडवी, मेपलची झाडं, फुटपाथवर त्यांच्या मुळांनी उचललेल्या फरश्या. एका पडवीत पिकल्या केसांच्या, काळ्या वर्णाच्या बाई कुंड्यांना पाणी घालत होत्या. नातीनं धिटाईनं विचारलं की एकशेचाळीस वर्षांपूर्वी इथं कार्पेंटर नावाचं कुटुंब राहायचं, तुम्हाला काही माहीत आहे का. बाई मोठ्यांदा हसल्या. म्हणाल्या, मी एवढी म्हातारी दिसते का? मग पायऱ्यांवर बसायला सांगितलं, आतून बर्फ घातलेला गोड चहा आणला. माझी नजर त्यांच्या पडवीवरून हलेना. पारनाक्याचा ओटा तो हाच, फक्त मध्ये दोन समुद्र.

बाईंना घराण्याचा इतिहास खणायचा नाद होता. चर्चची बाप्तिस्म्याची पुस्तकं, जहाजांच्या याद्या, दर दहा वर्षांची जनगणना, यांवर गोऱ्या अमेरिकनांचे पूर्वज कसे पटकन सापडतात ते त्या सांगत होत्या. एलिस बेटावरच्या नोंदी नातीनं आधीच धुंडाळल्या होत्या, पण ते बेट उघडलं १८९२ मध्ये, आनंदी त्याच्या नऊ वर्षं आधी आलेली. "आणि तुमचे?" मी विचारलं. बाईंची आजी दक्षिणेतल्या कापसाच्या मुलखातून कामाच्या शोधात उत्तरेला आली. तिच्या मागं त्यांना १८७० पर्यंत जाता येतं. त्या सालच्या जनगणनेत पहिल्यांदा गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांची नावं लागली. त्याच्या आधीच्या नोंदींत मालकाचं नाव, आणि खाली नुसतं वय, लिंग, वर्ण. नाव नाही. हे त्यांनी कुठलाही आवाज न चढवता सांगितलं, वर नातीच्या पेल्यात आणखी बर्फ घातला. मला आमच्या वंशावळीतल्या बिननावाच्या बायका आठवल्या, पण मी ते बोलले नाही. दोन्ही गोष्टी एका मापानं मोजण्यासारख्या नाहीत.

कार्पेंटरबाईंचा माग काढणंही सोपं नव्हतं. जुन्या लेखनात त्या भेटतात 'मिसेस बी. एफ. कार्पेंटर' म्हणून, म्हणजे नवऱ्याची आद्याक्षरं आणि नवऱ्याचं आडनाव. स्त्रियांच्या शिक्षणासाठी एवढी धडपडलेली बाई, पण पुस्तकात तिचं स्वतःचं नाव शोधावं लागतं. आपल्याकडच्या 'सौ.'ची टवाळी करण्याआधी हे लक्षात ठेवावं. पैसेवाल्या त्या नव्हत्या. त्यांनी पत्रातून दिलं ते घर: कधी गरज पडली तर माझ्याकडे ये. तीन वर्षं दोघींची पत्रं सुरू होती, आगबोटीनं जाणारी-येणारी, एकेक उत्तर यायला दोन-अडीच महिने. एकमेकींना न बघता मावशी-भाची झालेल्या या बायका.

त्या उन्हाळ्यात आनंदी रोझेलच्या घरात राहिली, तिनं इथल्या मंडळींना आपल्याकडचं जेवण करून घातलं. पुढं थंडीत पाय उघडे पडतात म्हणून नऊवारी सोडून गुजराती पद्धतीनं साडी नेसायला लागली तर गोपाळरावांनी तिकडून नाराजीचं पत्र धाडलं. साडी कशी नेसावी याची काळजी, खोली गरम आहे का याची नाही. भाचेसुनेनं हे ऐकून फक्त "हं" म्हटलं. तो हुंकार मी ओळखते, त्याच्या मागे बरंच काही येतं.

फिलाडेल्फियात आम्ही थोडाच वेळ होतो. पेनसिल्व्हेनियाचं स्त्रियांचं वैद्यकीय महाविद्यालय गिरार्ड कॉलेजच्या लांबलचक दगडी भिंतीसमोर होतं, तिथं चालून आलो. ऑक्टोबर १८८५ मध्ये काढलेलं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे: कल्याणची आनंदी, जपानची केई ओकामी आणि सीरियाची सबात इस्लांबुली, तिघी आपापल्या देशाच्या वेशात. ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात ते आहे. आनंदीच्या चेहऱ्यावर थकवा आहे. सर्द खोली, धूर ओकणारी शेगडी, शाकाहारी जेवणाची आबाळ, या सगळ्यातून ११ मार्च १८८६ ला ती एम.डी. झाली. पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या, गोपाळरावही तोवर येऊन पोचले होते. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. चौदाव्या वर्षी मूल गमावलेल्या मुलीनं दुसरा कुठला विषय निवडला असता? कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जागा तिच्यासाठी ठरली होती. क्षयानं ती घेऊ दिली नाही. पुण्यात, २६ फेब्रुवारी १८८७ ला ती गेली.

तिची राख मात्र अमेरिकेत, पोकिप्सीच्या दफनभूमीत आहे. न्यूयॉर्कहून तिकडे जाणारी गाडी हडसनच्या काठाकाठानं धावते. डाव्या खिडकीला बसलं की नदी सोबत सोडत नाही. पाणी संथ, रुंद, पलीकडे डोंगर. मधेच पाण्यात एका बेटावर पडक्या किल्ल्यासारखी इमारत दिसते, ती एका शस्त्रांच्या व्यापाऱ्याचं कोठार होतं म्हणे. एका स्टेशनावर मी पाहिलं तर नदीतलं लाकूड उलट्या दिशेला, वरच्या अंगाला वाहत होतं. भाचा म्हणाला, भरती आहे. समुद्रापासून इतकं आत आणि भरती? तर हडसन इथं नदी कमी आणि खाडी जास्त, पोकिप्सीच्याही खूप वर, ट्रॉय गावापर्यंत भरतीचं पाणी चढतं. मग मला ती नदी एकदम कळली. आमची उल्हासही अशीच. दुर्गाडी किल्ल्याखाली भरतीला पाणी कसं उलटं फिरतं ते बघत आम्ही पोरं तासन्‌तास बसायचो. मुंब्र्याच्या बाजूनं गाडी कल्याणकडे यायला लागली की खाडी अशीच खिडकीला लागते. फक्त इथं पाण्याला वास नव्हता, आणि डब्यात कुणी दारात लटकलेलं नव्हतं. सगळे बसून, खाली मान घालून. एवढा मोठा देखावा बाहेर चाललेला आणि डब्यात बघणारी मी एकटी.

पोकिप्सीचं रूरल सिमेटरी १८५० नंतरचं, तेव्हा अमेरिकेत गावाबाहेर, झाडाझुडपांत, वळणावळणाच्या रस्त्यांची दफनभूमी करायची पद्धत सुरू झाली होती. लोक तिथं रविवारी डबे घेऊन फिरायला जात. आपल्याकडे स्मशानातून आलं की आधी अंघोळ. भाच्यानं गाडीतच विचारलं, "मावशी, परत जाऊन डोक्यावरून पाणी घेणार का?" म्हटलं, बघू.

कार्यालयातल्या बाईंनी मोठा नकाशा टेबलावर पसरला, लाल पेननं रस्ता आखला. त्यांना नाव उच्चारता येत नव्हतं, पण जागा पाठ होती. भारतीय माणसं येतात, म्हणाल्या. मग सहज विचारलं, तुम्ही नात्यातल्या का? भाचा "नाही" म्हणायला तोंड उघडत होता, तेवढ्यात नात म्हणाली, "आम्ही दत्तक घेतलंय." बाईंना यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनी मान डोलावली आणि नकाशा तिच्या हातात दिला.

तिथं जाईपर्यंत बरीच प्रसिद्ध माणसं लागतात. मॅथ्यू व्हॅसर हा बिअरवाला, ज्याच्या पैशातून उभं राहिलेलं मुलींचं कॉलेज १८६५ मध्ये, आनंदीच्या जन्मसालीच, याच गावात सुरू झालं. खोकल्याच्या गोळ्या विकून गब्बर झालेले दाढीवाले स्मिथ बंधू. क्षयानं गेलेल्या मुलीच्या शेजारात खोकल्याच्या गोळ्यांचे कारखानदार, हे सांगितलं तर कादंबरीकाराला कुणी माफ करणार नाही.

आनंदीचा दगड साधा आहे. जागा मूळची एमी घराण्याची, ते कार्पेंटरबाईंचं माहेर. बाई राहायच्या रोझेलला, पण गोपाळरावांनी राख पाठवली ती त्यांनी इथं, आपल्या माणसांच्या ओळीत ठेवली. सासरच्या नावानं आयुष्यभर ओळखली गेलेली बाई, आणि कल्याणच्या पोरीसाठी तिनं माहेरचा दरवाजा उघडला. दगडावर आनंदीबाई जोशी, एम.डी., १८६५ ते १८८७, आणि खाली शिक्षण घेण्यासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाची ओळ. नातीनं बोट ठेवून वाचलं आणि विचारलं, "ब्राह्मण का लिहिलंय? डॉक्टर म्हणून पहिली, असं का नाही?" आता इथं काय सांगायचं? त्याच १८८६ मध्ये कादंबिनी गांगुली कलकत्त्यात शिकून डॉक्टर झाल्या होत्या, तेव्हा 'पहिली' हे नेहमीच जरा सांभाळून म्हणावं. आणि जात? ती बोटीतून समुद्र ओलांडून आली, आणि दगडावरही जाऊन बसली. कार्पेंटरबाईंना त्या शब्दात केवढं धाडस आहे ते दाखवायचं असणार. समुद्र ओलांडला म्हणून वाळीत पडायची भीती कुणाला होती, हे त्यांना पत्रांतून कळलेलं होतं. पण आज ती ओळ वाचताना मला थोडं अवघडल्यासारखं झालं, आणि नातीला मी ते तसंच सांगितलं. तिनं वहीत लिहून घेतलं. दगडावर कुणीतरी खडे ठेवले होते, इथली पद्धत. मी ओटी भरायला खण आणला होता, तो पर्समधून बाहेर काढायचा धीर झाला नाही. भाचेसुनेनं माझ्याकडे बघून तो काढला आणि ठेवला.

जेवायला गावातल्या एका डायनरमध्ये शिरलो. लाल रेक्झिनची बाकं, पेल्यात सतत भरली जाणारी कॉफी, आणि "हनी" म्हणत मेनू ठेवणारी बाई. आमच्याकडे इतक्या प्रेमानं हॉटेलात कुणी बोलवलं तर आपण बिल आधी तपासतो. मी भीतभीत पॅनकेक मागवला. तो घावनाचा लांबचा भाऊ निघाला, पण त्यावर पाक ओतायचा म्हणे. मी मीठ मागितलं, तेव्हा ती बाई खरोखर गोंधळली.

वाद सुरू केला भाच्यानं. "काही म्हणा, गोपाळराव नसते तर आनंदीबाई कल्याणच्या माजघरातून बाहेर पडल्या नसत्या."

"आणि ते नसते तर चौदाव्या वर्षी बाळंतपणही झालं नसतं," भाचेसून म्हणाली. ती तिथल्या इस्पितळात फिजिओथेरपिस्ट आहे, आवाज चढवत नाही. मगाचा हुंकार आता शब्दांत उतरत होता.

"त्या काळात सगळ्यांचंच..."

"सगळ्यांच्या नवऱ्यांनी पाठीत लाकूड नाही घातलं अभ्यासासाठी."

भाच्यानं माझ्याकडे बघितलं. खात्यातल्या माणसाची बाजू घेणं मला भाग होतं. म्हटलं, "तो हेकट होता, मान्य. पण एक सांगते. पुण्यात राख हाती आली तेव्हा त्याला संगम होता, नाशिक होतं, काशीही होती. त्यातलं काही न करता त्यानं ती या बाईकडे पाठवली. कुणाची होती हे त्याला कळलं होतं, असंच ना?"

सुनेनं पॅनकेकवरचा पाक काट्यानं बाजूला सारला. "हो. आयुष्यात तेवढंच एक पार्सल त्यानं नीट पत्त्यावर टाकलं."

नात वहीतून मान वर न करता म्हणाली, "हे लिहू का?"

"लिही," तिची आई म्हणाली, आणि भाच्यानं घाईघाईनं बिल मागवलं.